चार दिवसांत चेहरा साफ

"पाणी जास्त पीत जा." "तळकट बंद कर आधी." "पोट साफ होतं ना रोज?" "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल, मग दुसरं काय होणार!" दहावी-बारावीतल्या मुलाच्या गालावर मुरूम उठले की घरी येणारा प्रत्येक पाहुणा वैद्य होतो. मूळव्याध झालेल्या माणसाला चारचौघांत कुणी काही विचारत नाही. पण मुरूम चेहऱ्यावर येतात, म्हणून त्यांच्यावर बोलायचा हक्क सगळ्यांनाच मिळतो. सल्ले निरनिराळे असले तरी त्यांचा सूर एकच असतो: चूक तुझी आहे. तू खातोस नको ते, तोंड नीट धूत नाहीस, हात लावतोस सारखा. मुलगी असेल तर आणखी एक वाक्य हळू आवाजात येतं: "आत्ताच काहीतरी कर बाई, उद्या बघायला येतील तेव्हा डाग दिसायला नकोत."

मुरूम चेहऱ्याचं जेवढं नुकसान करतात त्याहून जास्त नुकसान या ठपक्यातून आलेली घाई करते, असं माझं म्हणणं आहे. मुरुमांवर आज चांगली, पारखलेली आणि बरीचशी परवडणारी औषधं आहेत. त्यांची अडचण एवढीच की ती सावकाश काम करतात. ज्याला रोज आरशात आणि रोज नातेवाइकांत गुन्हेगार ठरवलं जातं, त्याला तेवढा धीर कुठून येणार? तो झटपट उपाय शोधतो. तो उपाय गल्लीच्या टोकाला मेडिकलमध्ये, शंभराच्या आतबाहेर, चिठ्ठीशिवाय मिळतो. आणि काही महिन्यांनी साध्या मुरुमांच्या जोडीला असा एक आजार येऊन बसतो, जो त्याला एरवी झालाच नसता.

आधी कारणांचं बघू, कारण ठपक्याचा सगळा डोलारा त्यांवरच उभा आहे.

त्वचेत जिथे केस उगवतो तिथे त्याला लागूनच तेलाची एक ग्रंथी असते. चेहरा, छाती, पाठ या भागांत या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. तळहातांवर त्या नसतातच, म्हणून तिथे कधी मुरूम येत नाही. वयात येताना अँड्रोजेन जातीची संप्रेरकं वाढतात, मुलींच्या शरीरातही वाढतात, आणि या ग्रंथी फुगून जास्त तेल सोडू लागतात. त्याच सुमारास केसाच्या नळीच्या आतल्या मृत पेशी झडून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि नळीचं तोंड बुजतं. मागे तेल साचत राहतं. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा एक जिवाणू आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहत असतो; तो त्या साठलेल्या तेलावर पोसतो, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथे धावून येते. लाल, ठणकणारा, पू धरलेला मुरूम हा त्या धावपळीचा परिणाम असतो. म्हणजे आज दिसणाऱ्या मुरुमाची तयारी त्वचेच्या आत काही आठवडे आधीच सुरू झालेली असते. परवाच्या लग्नातल्या जिलेबीचा आणि आजच्या मुरुमाचा संबंध जोडणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा.

मळाचाही संबंध नाही. ब्लॅकहेडचा काळा रंग धुळीचा वाटतो, म्हणून पोरंपोरी तो खसाखसा घासतात, दाणेदार स्क्रब लावतात. खरं तर बुजलेल्या नळीचं तोंड उघडं राहिलं की आतलं तेल आणि मेलॅनिन हवेशी संयोग पावून काळवंडतं. घासून ते निघत नाही. नळीच्या भिंतीला इजा होते आणि जो मुरूम आतच जिरला असता तो फुगून वर येतो. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी तर कातडी भाजते. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने दिवसातून दोन वेळा तोंड धुतलं की पुरे झालं. डोक्याला चोपडलेलं तेल मात्र कपाळावर उतरतं आणि तिथल्या नळ्या बुजवतं, तेव्हा आजीची चंपी थोडी हात राखून केलेली बरी.

संप्रेरकांचा हात किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी 1941 सालीच दाखवलं होतं. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले किंवा निकामी झाले अशा पुरुषांना मुरूम येत नाहीत, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की येऊ शकतात, हे त्यांनी नोंदवलं. पुढे ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या 2002च्या अभ्यासात, मुरूम कुणाला येतात आणि कुणाला नाही यातला 81 टक्के फरक आनुवंशिकतेने समजावता येतो असं दिसलं. आपल्याकडे "लग्न झालं की जातात आपोआप" असं म्हणतात. विशी उलटली की बऱ्याच जणांचे मुरूम कमी होतात आणि लग्नंही त्याच सुमारास होतात, एवढंच त्यातलं खरं. पुष्कळ बायकांना तिशीतही ते येत राहतात, विशेषतः हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने. त्या जोडीला पाळी पुढेमागे होत असेल, ओठावर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करायला हवी. तिथे लग्नाचा नव्हे, डॉक्टरांचा उपयोग होतो.

सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या फोडांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे आणि कफ, वात, रक्त यांच्या बिघाडाशी त्यांचं नातं जोडलं आहे. ती उपपत्ती आजच्या शास्त्राला मान्य होवो न होवो. त्या ग्रंथाने तरुणांच्या सवयींवर आणि चारित्र्यावर बोट ठेवलेलं नाही. ते आपण नंतर शिकलो.

खाण्याचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही, आणि त्याची कथा रंजक आहे. 1969 साली फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर चॉकलेटचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. 65 जणांना काही आठवडे भरपूर चॉकलेट असलेली वडी आणि काही आठवडे दिसायला तशीच पण चॉकलेट नसलेली वडी खायला दिली. मुरुमांत फरक पडला नाही. मग पुढची कित्येक वर्षं डॉक्टर रुग्णांना छातीठोकपणे सांगत राहिले की खाण्याचा आणि मुरुमांचा काही संबंध नाही. पण दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, आणि प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचं पाठबळ होतं. 2002 साली पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरच्या 1200 लोकांना तपासलं तर एकालाही मुरूम सापडला नाही. तिथे कंदमुळं, मासे, नारळ यांवर जगणं होतं, मैदा आणि साखर नव्हती. मेलबर्नमध्ये 2007 साली तरुण मुलग्यांना बारा आठवडे रक्तातली साखर झटक्यात न वाढवणारा आहार दिला, तर मुरूम काही प्रमाणात कमी झाले. तेव्हा कोल्ड्रिंक, बिस्किटं, व्हे प्रोटीनचे डबे कमी करून बघावेत. काहींना फायदा होतो. पण आहार हे या गोष्टीतलं दुय्यम पात्र आहे. घरातली दोन भावंडं एकाच ताटात जेवतात, एकाच्या गालावर मुरूम येतात आणि दुसऱ्याच्या नाही. तिथे आईच्या फोडणीला दोष देऊन काय साधणार?

क्लिगमन हे नाव लक्षात ठेवा. या लेखात ते पुन्हा येणार आहे.

मुरुमांशी ज्याची गल्लत होते तो दुसरा आजार रोझेशिया. हे नाव आपल्या घरांत कुणी घेत नाही. चाळिशीतल्या बाईचे गाल आणि नाक लाल होऊ लागले, तोंडावर वाफ आल्यासारखं गरम होऊ लागलं, वर बारीक पुटकुळ्या उठल्या की "उष्णता झालीय", "उन्हाची अ‍ॅलर्जी असेल", "पाळी जायच्या वयातले पिंपल्स" म्हणत वर्षं निघून जातात. मग मुलीचंच मुरुमांचं औषध आईही लावते आणि चेहरा आणखी पेटतो. मुरूम आणि रोझेशिया यांत फरक ओळखायची एक सोपी खूण आहे: रोझेशियात ब्लॅकहेड, व्हाइटहेड नसतात. असतो तो चेहऱ्याच्या मध्यभागी येणारा आणि जाणारा लालपणा, पुढे पुढे कायमचा बसलेला, कातडीवर दिसू लागलेल्या बारीक रक्तवाहिन्या, आग, टोचणी, आणि बऱ्याच जणांना डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपखुप. डोळ्यांचं हे लक्षण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातं, चेहऱ्याचं पार्लरमध्ये, आणि दोन्ही एकाच आजाराची आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुरुषांत कधी कधी नाकाची कातडी जाड होऊन नाक गाठाळ होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात घिरलांदायोचं पंधराव्या शतकाच्या शेवटचं एक चित्र आहे, नातवाला जवळ घेतलेल्या म्हाताऱ्याचं. त्याचं नाक अगदी तसं आहे. युरोपात अशा नाकाला शेकडो वर्षं दारूड्याचं नाक म्हणत आले. दारूने रोझेशिया चाळवतो हे खरं, पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसालाही तो होतो. म्हणजे ठपका ठेवायची हौस फक्त आपल्याकडचीच आहे असं नाही.

रोझेशियाचं एकच एक कारण सापडलेलं नाही. त्वचेच्या पहिल्या फळीच्या प्रतिकारात बिघाड असतो: 2007 साली कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दाखवलं की कॅथेलिसिडिन नावाचं संरक्षक प्रथिन या रुग्णांच्या त्वचेत जास्त असतं आणि त्याचे तुकडेही वेगळे पडतात, त्यातून दाह आणि लालपणा येतो. केसांच्या नळीत राहणारा डेमोडेक्स हा सूक्ष्म किडा सगळ्यांकडेच असतो, या रुग्णांकडे जास्त असतो. रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या संवेदना तीव्र झालेल्या असतात, म्हणून ऊन, गरम चहा, झणझणीत रस्सा, चुलीची किंवा गॅसची धग यांनी चेहरा भडकतो. कोल्हापूर किंवा नागपुरात राहणाऱ्याला तिखट सोडा म्हणणं सोपं आणि सोडणं अवघड. पण प्रत्येकाचं चाळवणारं कारण वेगळं असतं. काहींना रश्श्याने काही होत नाही आणि दुपारच्या दुचाकीने होतं. पंधरा दिवस काय खाल्लं, कुठे गेलो आणि चेहरा कधी पेटला हे वहीत लिहून काढलं की बरंच कळतं.

आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, याचं एक कारण म्हणजे तो बघायची सवय गोऱ्या कातडीवर लागलेली आहे. पाठ्यपुस्तकातली छायाचित्रं गुलाबी गालांची. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर तोच लालपणा तांबूस-तपकिरी, कधी नुसता काळपट दिसतो आणि डॉक्टरही फसतात. अशा वेळी रंगापेक्षा रुग्णाच्या बोलण्याकडे जास्त लक्ष द्यावं. "आग होते, साधी पावडरही सोसत नाही" असं जी बाई सांगते तिला रोझेशिया नाही ना, हे बघितलं पाहिजे. उपाय आहेत: मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनचं मलम, पुटकुळ्या जास्त असतील तर कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन, रक्तवाहिन्यांसाठी लेझर, आणि रोज सनस्क्रीन. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो.

आता मेडिकलच्या काउंटरवर येऊ.

संध्याकाळची वेळ. क्लास सुटलेला एक मुलगा पाठीवर सॅक घेऊन उभा. दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबतो, मग खाली बघत म्हणतो, "काका, पिंपल्सवर काहीतरी द्या ना." काका न बघताच मागच्या खणात हात घालतात आणि एक ट्यूब काउंटरवर टेकवतात. "रात्री झोपताना लाव. चार दिवसांत चेहरा साफ." मुलगा पैसे देतो. ना चिठ्ठी, ना बिल. काकांच्या मनात खोट नाही. मागच्या महिन्यात दिलेल्यांनी येऊन चांगलंच सांगितलेलं असतं.

त्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं तर पुष्कळदा तीन नावं दिसतात: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. पहिलं रंग उतरवतं. दुसरं अ जीवनसत्त्वाचं रूप, मुरुमांवर खरोखर उपयोगी. तिसरं स्टिरॉइड. कधी या तिन्हींच्या ऐवजी बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं, सोबत एखादं जिवाणूनाशक आणि बुरशीनाशक; म्हणजे आजार कोणताही असो, काहीतरी लागू पडेलच अशी खिचडी.

आणि चार दिवसांत चेहरा साफ होतो, हे खोटं नाही. सगळी फसगत इथेच होते. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबतं. लाली उतरते, मुरूम बसतात, रंगही उजळल्यासारखा वाटतो. महिन्याभरात मैत्रिणी विचारू लागतात, काय लावतेस गं? पण आत कातडी पातळ होत असते, तिची स्वतःची प्रतिकारशक्ती दबत असते. एक दिवस ट्यूब संपते, दोन दिवस लावणं चुकतं, आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, पुटकुळ्यांची रास उठते, आग-आग होते. माणूस घाबरून पुन्हा ट्यूब लावतो, आणि तासाभरात बरं वाटतं. "या क्रीमशिवाय मला चालतच नाही" असं सांगणारे रुग्ण या चक्रात अडकलेले असतात. थोड्या काळाने ऊन सोसत नाही, गालांवर लाल रेषा दिसतात, हनुवटीवर केस वाढतात. म्हणजे मुरूम घेऊन आलेल्या विशीतल्या पोराला आपण रोझेशियासारखाच आजार विकत दिलेला असतो.

या गोष्टीत क्लिगमन पुन्हा भेटतात, तेही दोन्ही बाजूंना. ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालतं हे 1969 साली त्यांनीच दाखवलं. मुरुमांच्या उपचारातलं ते मोठंच पाऊल होतं. 1974 साली त्यांच्याच गटाने स्टिरॉइडच्या मलमांमुळे होणाऱ्या रोझेशियाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आणि 1975 साली त्यांनीच हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन एकत्र करून रंग उतरवणारं सूत्र मांडलं. आपल्या काउंटरवरची तिहेरी ट्यूब त्या सूत्राचीच वारस. अमेरिकेत 2002 साली असं तिहेरी औषध मंजूर झालं तेव्हा त्यात सौम्य स्टिरॉइड होतं, ते चेहऱ्यावरच्या वांगासाठी होतं, आणि ते आठ आठवड्यांपुरतंच वापरायचं होतं. आपल्याकडच्या ट्यूबमध्ये त्याहून जोरकस मोमेटासोन आलं आणि आठ आठवड्यांची अट काउंटरपर्यंत पोचलीच नाही.

क्लिगमन यांचं नाव घेताना होम्सबर्गचं नाव घ्यावंच लागतं. फिलाडेल्फियाच्या त्या तुरुंगात 1951 ते 1974 या काळात कैद्यांच्या पाठींवर आणि दंडांवर त्यांनी असंख्य रसायनं तपासली. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय, कित्येक अजून खटल्याची वाट बघणारे. थोड्या डॉलरसाठी सही करणारे, आणि आपल्याला काय लावलं जातंय ते धड न कळलेले. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल 2022 साली माफी मागितली. ज्यांच्या कातडीवर हे ज्ञान कमावलं गेलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज आपल्या गावोगावच्या तरुणांच्या चेहऱ्यांवर तीच औषधं कुणी न सांगता, कुणी न तपासता लावली जातात. फरक एवढाच की इथे पैसेही तेच मोजतात.

हे वर्णन मी फुगवून सांगत नाही. देशातल्या अनेक केंद्रांवर केलेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याचे विकार घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यांतले 29 टक्के ते गोरं होण्यासाठी, नुसती नेहमीची क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर वापरत होते, 24 टक्के मुरुमांसाठी. जवळपास साठ टक्के लोकांना सल्ला देणारा डॉक्टर नव्हताच. नव्वद टक्क्यांहून अधिकांना दुष्परिणाम झाले होते आणि त्यांत पहिला क्रमांक कशाचा? मुरूम येण्याचा किंवा असलेले वाढण्याचा! कोलकात्याचे कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू यांनी या बिघडलेल्या चेहऱ्यांना स्वतंत्र आजाराचं नाव दिलं, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने, आयएडीव्हीएलने, या गैरवापराविरुद्ध कृतिदल उभं केलं.

कायद्याचं काय? वर्षानुवर्षं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती; तीच गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नसे, मलम देता येई. 2018च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं स्पष्टपणे शेड्यूल एचमध्ये आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या 328 मिश्र औषधांत काही खिचडी-मलमंही होती. कागद झाला. पण वरचा काउंटर आजही कोणत्याही तालुक्याच्या गावी तसाच सापडेल.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञ आहे कुठे? असला तर आठवड्यातून एकदा येतो; फी, एसटीचं भाडं, बुडालेली रोजी धरली तर ट्यूब स्वस्त पडते. हा आक्षेप खरा आहे म्हणूनच माझं मत असं की नुसत्या बंदीने भागणार नाही. अमेरिकेत 2016 पासून मुरुमांवरच्या अ‍ॅडापॅलिनचं 0.1 टक्के जेल चिठ्ठीशिवाय मिळतं, बेन्झॉइल पेरॉक्साइड तर त्याआधीपासून मिळतं. स्टिरॉइड मलमांतलं मात्र फक्त सौम्य हायड्रोकॉर्टिझोन तसं मिळतं. आपल्याकडचा व्यवहार नेमका उलटा आहे. मुरुमावरचं खरं औषध मागावं लागतं आणि स्टिरॉइड न मागता पुढे येतं. मेडिकलवाला हा गरिबाचा पहिला डॉक्टर राहणारच असेल तर त्याच्या हाताशी कोणती ट्यूब असावी हे ठरवा, त्याला ते शिकवा, आणि जोरकस स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय देणाऱ्याला खरोखर दंड करा. डॉक्टर मंडळींनीही आरशात बघावं. 2011च्या त्याच अभ्यासात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी 44 टक्के त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्यांच्या होत्या, आणि डॉक्टरांच्या एकूण चिठ्ठ्यांतल्या 83 टक्के चिठ्ठ्यांवर लोक पुन्हा पुन्हा ट्यूब घेत राहिले होते. "ही पंधरा दिवसच लावायची" हे वाक्य चिठ्ठीवर मराठीत लिहायला किती शाई लागते?

स्टिरॉइड स्वतः खलनायक नाही, हेही सांगायला हवं. इसब, सोरायसिस यांत योग्य ताकदीचं मलम योग्य दिवस लावलं तर त्यासारखं औषध नाही, आणि भीतीपोटी ते टाळणारे आईबाप लेकराला खाजवत ठेवतात. भांडण औषधाशी नाही, ते चेहऱ्यावर, मुरुमांवर, मनाला येईल तितके दिवस लावण्याशी आहे.

मग मुरुमांवर काय करावं? हलके असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड. 2.5 टक्क्यांचं 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि कमी झोंबतं. जिवाणू त्याला सरावत नाहीत. टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र ते उडवतं, पांढरे वापरा. रात्री अ‍ॅडापॅलिन, वाटाण्याएवढं, फक्त मुरुमावर टिकली न लावता मुरूम येणाऱ्या पूर्ण भागावर, कारण पुढचे मुरूम आत तयार होत असतात. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सालपटं निघतात, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. बहुतेक जण इथेच औषध सोडतात आणि काकांकडे जातात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. घरच्यांनी हे बारा आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत आणि तोवर त्या चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढू नये. पोटातून घ्यायची अँटिबायोटिक्स तीन-चार महिन्यांच्या वर नकोत आणि एकटी नकोत. नाहीतर जिवाणू निबर होतात.

खोल गाठी, दुखरे फोड, खड्डे पडायला लागलेले असतील तर "वय आहे, जाईल" म्हणत थांबू नका. खड्डा पडला की तो भरून काढणं मुरूम बरा करण्यापेक्षा कितीतरी कठीण आणि महाग. अशांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे, अमेरिकेत 1982 पासून वापरात असलेलं. चारही कारणांवर, म्हणजे तेल, बुजलेली नळी, जिवाणू आणि दाह यांवर एकदम काम करणारं एवढंच औषध. ओठ फुटतात, रक्तातली चरबी आणि यकृताच्या चाचण्या बघाव्या लागतात. गरोदर बाईने घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येतं, म्हणून लग्नाळू किंवा लग्न झालेल्या मुलीला ते देताना गर्भनिरोधाची स्पष्ट चर्चा झालीच पाहिजे, आणि औषध बंद केल्यावरही महिनाभर गर्भनिरोध चालू ठेवला पाहिजे. आपल्या दवाखान्यांत आईसमोर ही चर्चा होत नाही. आईला बाहेर बसवा, पण चर्चा करा. हेच औषध काउंटरवरून आपल्या मनाने घेणं हा स्टिरॉइडपेक्षाही मोठा धोका आहे.

राहिले डाग. आपल्या कातडीवर मुरूम जातो आणि काळा डाग मागे ठेवतो, आणि लोकांना खरी भीती त्याचीच असते. बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात. सनस्क्रीन लावलं आणि मुरूम फोडले नाहीत तर लवकर. या डागांच्या घाईतूनच रंग उतरवणाऱ्या ट्यूबचा धंदा चालतो.

शेवटी एक काम सांगतो. घरातलं कपाट, ड्रेसिंग टेबलचा खण, मुलीच्या कॉलेज बॅगेतला पाउच उघडून तिथल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती चेहऱ्यावर महिन्याहून जास्त लावली जात असेल, तर रागावू नका आणि लगेच फेकूनही देऊ नका. एकदम बंद केल्यावर चेहरा काही आठवडे, कधी काही महिने भडकलेला राहतो, आणि तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा लागतो. खासगी त्वचारोगतज्ज्ञ परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात केसपेपर काढा. जाताना ती ट्यूब सोबत न्या. तिच्यावरचं नाव वाचलं की डॉक्टरांचं अर्धं निदान तिथेच होतं.